टँकच्या झाकणात जादा ट्यूब

मे महिन्यात हॉस्टेलवरून घरी चंद्रपूरला गेलो. फिश टँकमधली झाडं वाढेनात म्हणून पत्र्याच्या झाकणात 18 वॅटची जुनी ट्यूब जादा बसवली. तांब्याचा चोकही आतच आवळला. तो एकटाच आठ-दहा वॅट उष्णता सोडतो, त्यात बाहेर पारा 45 वर! संध्याकाळी मासे वर येऊन तोंडं उघडत होते, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. खाणं टाकताना आईला झिणझिण्या आल्या. वाफेनं होल्डर ओला झालेला.

आता चोक बाहेर, ट्यूबला वॉटरप्रूफ कॅप, झाकणाला अर्थिंग, लाइनवर 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी. वायरीला सॉकेटखाली झोल ठेवलाय, थेंब तिथूनच गळतो. पाण्यात हात घालण्याआधी मात्र प्लग काढायचाच. आई अजून लाकडी काठीनंच झाकण उघडते.