बोटीचं तोंड वर की खाली? ट्रिमचं बटण समजून घेऊ या



मागच्या बैठकीत दोन प्रश्न आले होते. एक आपल्या एका बोटमालक भावाचा: "फायबरच्या बोटीला नवं इंजिन लावलं, पण बोट तोंड वर करून चालते. पेट्रोल पिते अन् पळत तर नाहीच." दुसरा एका माउलीचा: "पोरगा पर्यटनाच्या स्पीडबोटीवर ड्रायव्हर म्हणून लागला. म्हणतो, हँडलवर एक बटण आहे, ते जास्त दाबलं की बोट उड्या मारते. हे काय प्रकरण आहे?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, ट्रिम. म्हणून आजचा धडा त्यावर. लांबलचक आहे, पण घरातला जो कोणी इंजिनाला हात लावतो त्याला पूर्ण वाचून दाखवा.

ट्रिम म्हणजे काय?

आपल्या लांजी पट्ट्यातल्या ढिवर माणसाला हे नवं नाही. डोंग्यात जाळ्याचा ढीग मागे जास्त झाला की डोंग्याचं तोंड उचलतं. मग आपण काय करतो? एक गडी पुढे सरकून बसतो अन् डोंगा सरळ होतो. हीच ट्रिम. डोंग्यात आपण ती वजनाने करतो, इंजिनाच्या बोटीत वजनाबरोबर पंख्याच्या दिशेनेही करता येते.

पंखा पाण्याला मागे ढकलतो म्हणून बोट पुढे जाते. इंजिनाचा खालचा पाय बोटीच्या जवळ, आत घेतला तर पंख्याचा जोर बोटीची मागची बाजू उचलतो आणि तोंड खाली दाबतो. याला ट्रिम इन किंवा डाऊन म्हणतात. पाय बोटीपासून बाहेर काढला तर मागची बाजू दबते आणि तोंड उचलतं. ही ट्रिम आउट किंवा अप. एवढं डोक्यात बसलं की अर्धा धडा झाला.

आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह

पुजारीटोला, सिरपूर किंवा बावनथडीवरच्या राजीव सागरसारख्या जलाशयात मासेमारीच्या लहान बोटीला लागतं ते आउटबोर्ड. अख्खं इंजिन बोटीच्या मागच्या फळीवर बाहेर टांगलेलं.

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत मागच्या बाजूला असतं आणि फक्त पाय व पंखा बाहेर. १९५९ मध्ये व्होल्वो पेंटा कंपनीने 'अ‍ॅक्वामॅटिक' नावाने असं यंत्र बाजारात आणलं, नंतर मर्क्युरी कंपनीचं 'मर्क्रूझर' आलं. आपल्याकडे असं यंत्र पर्यटनाच्या किंवा गस्तीच्या वेगवान बोटीवर दिसू शकतं. आपली पोरं पाणी ओळखतात म्हणून अशा बोटींवर कामाला लागतात. पण पाणी ओळखणं वेगळं आणि बटण ओळखणं वेगळं.

स्टर्नड्राइव्हच्या पायाला दोन बाजूंना दोन हायड्रॉलिक दांडे असतात. बॅटरीवर चालणारा लहान पंप तेलाच्या दाबाने ते दांडे लांब-आखूड करतो. अंगठ्याखालचं बटण म्हणजे त्या पंपाचा स्विच. समोर ट्रिमचा काटा असतो, पाय किती वर आहे ते तो दाखवतो. बऱ्याच बोटींना 'ट्रेलर' लिहिलेलं वेगळं बटणही असतं. ते बोट ट्रेलरवर चढवताना पाय पूर्ण उचलायला आहे, चालवताना वापरायला नाही.

कधी काय करायचं

१. निघताना: पाय पूर्ण खाली, आत. रेस दिल्यावर तोंड थोडं उचलतं, मग बोट पाण्यावर सपाट बसते. निघतानाच पाय बाहेर असेल तर तोंड आभाळाकडे जातं आणि समोरचा डोंगा, पोहणारं पोर, काहीच दिसत नाही.

२. बोट सपाट पळायला लागली की: बटण थोडं थोडं वर, एकेका टिचकीने. रेस तेवढीच असूनही इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढतो, हँडल हलकं होतं. बोटीचं कमी अंग पाण्याला घासतं, म्हणून पेट्रोलही वाचतं. हँडल ज्या जागी सगळ्यात हलकं लागतं, तिथे थांबा.

३. जास्त वर गेलं की बोट स्वतः सांगते: तोंड वर-खाली आपटू लागतं, माउलीच्या पोराच्या 'उड्या' याच. पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं पण बोट पुढे जात नाही. हँडल एका बाजूला ओढतं. थंड पाणी ओढायची भोकं पाण्याबाहेर आली तर इंजिन तापतं. उपाय एकच, पाय थोडा खाली घ्या, रेस कमी करा.

४. वेगात जास्त खाली ठेवलं तर: तोंड पाण्यात घुसतं, हँडल जड होतं आणि बोट अचानक एका बाजूला वळू शकते. म्हणून 'पूर्ण खाली म्हणजे सुरक्षित' हाही गैरसमज आहे. पूर्ण खाली फक्त निघताना आणि हळू चालताना.

५. वळण्याआधी: रेस कमी, पाय थोडा खाली, मग वळण. तोंड उचललेलं असताना झटक्यात वळलात तर पंखा पकड सोडतो आणि बोट घसरते.

६. समोरून लाटा आल्या तर: वेग कमी, तोंड थोडं खाली, म्हणजे बोट आपटत नाही. लाटा मागून येत असतील तर तोंड थोडं वर ठेवा, नाहीतर ते पुढच्या लाटेत घुसून पाणी आत येतं.

७. रिव्हर्समध्ये: पाय खाली. वर असेल तर पंखा पाणी बोटीच्या मागच्या फळीवरच फेकतो.

धरणाचं पाणी शांत असतं असं समजू नका. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कळाशी आणि कुगाव या गावांदरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. असा वारा सुटला तर कोणतंच बटण वाचवत नाही. आभाळ भरून आलं की जाळं राहू द्या, काठ गाठा.

लहान इंजिनाला बटण नसतं, पिन असते

आता पहिल्या भावाचं उत्तर. लहान आउटबोर्डला फळीजवळच्या पट्टीत चार-पाच भोकं आणि एक पिन असते. पिन बोटीच्या जवळच्या भोकात टाकली तर पाय आत जातो आणि तोंड खाली येतं. लांबच्या भोकात टाकली तर तोंड वर.

इंजिन बंद करा, मधल्या भोकापासून सुरुवात करा आणि नेहमीचं वजन भरून चालवून बघा. बोट सपाट पळताना पंख्याच्या वरची चपटी पट्टी बोटीच्या बुडाला साधारण समांतर दिसली पाहिजे. तोंड वरच राहत असेल तर पिन एक भोक जवळ आणा. त्याआधी एक काम करा. जाळं, पेट्रोलचा डबा, बर्फाची पेटी आणि दोन माणसं सगळी मागेच आहेत का ते बघा. आपल्या त्या भावाच्या बोटीत तसंच होतं. जाळं आणि पेटी मध्ये सरकवली, पिन एक भोक आत घेतली आणि बोट सरळ झाली. मेकॅनिकला बोलवावं लागलं नाही.

खुंट आणि उथळ पाणी

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जलाशयात बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात, काही पाण्याखाली वीतभर लपतात. अशा ठिकाणी पाय थोडा वर घेऊन अगदी हळू चाला. पाणी ओढायची भोकं मात्र पाण्यातच पाहिजेत. उथळ पाण्याच्या खुणेवर इंजिन असताना जोरात रिव्हर्स देऊ नका, पाय उसळून वर येतो. स्टर्नड्राइव्हचा पाय ट्रेलरच्या उंचीवर असताना रेस दिली तर आतला जोड तुटतो, आणि तो खर्च मोठा असतो.

लाल दोरी

आपल्याच एका सदस्याच्या पोराची गोष्ट. नाव घेत नाही. पाय जास्त बाहेर, बोट उड्या मारत होती आणि त्याने तसंच वळण घेतलं. बोट घसरली, तो पाण्यात फेकला गेला. लाल दोरी मनगटाला होती, ती निघाली आणि इंजिन जागेवर बंद पडलं. दोरी नसती तर काय झालं असतं? ड्रायव्हर पडला की हँडल एका बाजूला ओढलं जातं आणि रिकामी बोट गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येते. खाली पंखा फिरत असतो. पोरगं आज जेवायला घरी आहे ते त्या दोरीमुळे आणि अंगातल्या लाइफ जॅकेटमुळे.

म्हणून इंजिन सुरू करण्याआधी दोरी अंगाला. "दोन मिनिटाचं काम आहे" म्हणून सोडू नका.

देखभाल

- उचललेल्या पायाखाली हात-पाय घालू नका. तेलाचा दाब सुटला तर पाय धाडकन खाली येतो. आउटबोर्ड वर ठेवायचं तर आधाराचा खटका लावा.
- ट्रिम हळू चालते किंवा पाय आपोआप खाली येतो? आधी पंपातलं तेल आणि बॅटरी बघा. दांड्यांवर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलं.
- स्टर्नड्राइव्हचा रबरी भाता दरवर्षी तपासा. तो फाटला तर पाणी सरळ बोटीत शिरतं आणि उभी बोट बुडते. बोट पाण्यात उभी ठेवायची असेल तर पाय खाली ठेवा, भात्यावर ताण येत नाही.
- आत पेट्रोल इंजिन असेल तर सुरू करण्याआधी वाफ बाहेर काढणारा पंखा किमान चार मिनिटं चालवा, वास घ्या, मगच चावी फिरवा.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. इंजिनाच्या या कामांसाठी तेच दिवस बरे. पिनची भोकं, तेल, बॅटरी, लाल दोरी, सगळं तेव्हाच बघून ठेवा.

ज्यांची पोरं बाहेरगावी बोटीवर कामाला आहेत त्यांनी हा धडा त्यांना नक्की पाठवा. आणि आज रात्री फोन कराल तेव्हा जेवलास का विचारल्यावर एवढंही विचारा: "दोरी लावतोस ना?"

काही अडलं तर बैठकीत या. इंजिन घेऊन आलात तर पिन लावूनच दाखवू.