शाळेतील इतिहास आणि राहून गेलेल्या नोंदी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. इतिहासाविषयी लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की दहावीपर्यंत तो विषय मी मराठी माध्यमातून शिकलो आणि सध्या शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेतो. परंतु आठवीच्या वर्गातील एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. त्यानेच हा लेख लिहावयास लावले.

कित्तूरचा धडा चालू होता. बाई घाईत होत्या, कारण पोर्शन मागे पडला होता. संगोळ्ळी रायण्णाचे नाव येताच मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती नंदगडची, शिक्षणासाठी बेळगावात मामाकडे राहत असे. ती म्हणाली, "बाई, रायण्णाचा वड आमच्या गावात आहे. आजी त्याची गोष्ट सांगते." बाई म्हणाल्या, "गोष्टी परीक्षेला येत नाहीत. बैस खाली." मागून कुणीतरी ओरडले, "तो कानडी लोकांचा गं!" सारा वर्ग हसला. मीही हसलो. ती मुलगी आमच्यासारखीच मराठी बोलणारी होती. त्या वर्षी इतिहासाच्या तासाला तिने पुन्हा हात वर केलेला मला आठवत नाही.

वगळण्याची चूक

हिशेबशास्त्रात आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात, की तेरीजपत्रक जुळले म्हणजे हिशेब बिनचूक असतोच असे नाही. एखादा व्यवहार रोजकीर्दीत लिहायचाच राहिला, तर तो नावेच्या बाजूलाही नसतो आणि जमेच्या बाजूलाही नसतो. दोन्ही बेरजा बिनतक्रार जुळतात. ही वगळण्याची चूक. पुन्हा पुन्हा बेरीज करून ती सापडत नाही. मूळ पावत्या काढाव्या लागतात आणि ज्याच्याशी व्यवहार झाला त्याचीही वही पाहावी लागते.

शालेय इतिहासाचे असेच झाले आहे असे मला वाटते. राज्य अभ्यासक्रमाच्या मराठी शाळांना कर्नाटक शासनाचीच पुस्तके असतात, मराठीत भाषांतर केलेली. म्हणजे पुस्तक एकच. तरी मराठी मुलगा आणि कन्नड मुलगा तेच पुस्तक वाचून दोन वेगळे इतिहास घेऊन बाहेर पडतात. उरलेला भाग घर, गल्ली आणि मिरवणूक शिकवते, आणि वर्गात त्याविषयी कुणी बोलत नाही.

याची किंमत लहान नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरात छत्रपतींच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि त्यापाठोपाठ बेळगावात रायण्णाच्या पुतळ्याची. शहर तापले. परकी सत्तेपुढे न वाकलेली ही दोन माणसे, पण आम्ही त्यांना दोन पक्षांत वाटून टाकले होते. त्या दिवशी मला आठवीच्या वर्गातले हसू आठवले.

कित्तूर आणि झाशी

झाशीच्या राणीची गोष्ट आम्ही लहानपणापासून घरी ऐकलेली. दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी १८५४ मध्ये झाशी खालसा केली, हे आम्हाला पाठ होते. पण हाच दत्तकाचा प्रश्न तीस वर्षे आधी आपल्यापासून तास-दीड तासाच्या वाटेवर कित्तूरला उभा राहिला होता, हे कुणी शेजारी ठेवून दाखवले नाही. कित्तूरच्या देसायांचा दत्तक कंपनीने मानला नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी लढाई होऊन धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी चन्नम्मा १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारली. आम्हा कित्येकांना चन्नम्मा म्हणजे बस बदलायचे सर्कल, एवढीच ओळख होती!

रायण्णा धनगर समाजातला, गावची चाकरी करणारा शेतसनदी. राणीनंतर त्याने सामान्य माणसे जमवून लढा चालू ठेवला. त्याच्या साथीदारांत सिद्दी समाजाचा गजवीर होता असे सांगतात. खानापूर-हल्याळच्या रानात राहणारे सिद्दी मूळचे आफ्रिकेतून आलेले. त्यांचे नाव इतिहासाच्या तासाला मी कधी ऐकले नव्हते. २६ जानेवारी १८३१ रोजी रायण्णाला नंदगडला फाशी दिले. 'तो कुणाचा' हा प्रश्न त्या वडाखाली उभे राहिल्यावर सुचतच नाही.

एक गाव, दोन ठराव

दुसरे उदाहरण खुद्द शहराचे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनात. माझ्या डोक्यात शाळेतून एवढेच वाक्य उरले. शताब्दीच्या वर्षी शहरात रोषणाई झाली, तेव्हा काँग्रेस विहिरीपाशी उभा असताना वाटले, की याहून अधिक काही असलेच पाहिजे. मग मी वाचू लागलो.

त्याच वेळी येथे सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली कर्नाटक एकीकरण परिषद भरली होती. आणि १९४६ मध्ये याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरून संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आमच्या घरात दुसरी गोष्ट अभिमानाने सांगतात, पहिली कुणाला ठाऊक नाही. माझ्या कन्नड मित्राच्या घरी नेमके उलटे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबरला एका घरी राज्योत्सव आणि दुसऱ्या घरी काळा दिन का, हे मुलांनी विचारले तर उत्तर या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावाचून देता येत नाही. आपापल्या भाषेचे लोक एका छत्राखाली असावेत, ही इच्छा दोन्हीकडे सारखीच होती. दुसऱ्याची इच्छा समजली म्हणजे आपला हक्क सोडला असे होत नाही.

पण भाषेचा हिशेब पुरा झाला तरी काही नोंदी राहतातच. १९२४ च्या त्या मंडपात स्वागतगीत गाणाऱ्यांत धारवाडची एक अकरा वर्षांची मुलगी होती. ती पुढे गंगूबाई हनगल म्हणून देशभर गाजली. गाणे झाले तरी तिला धास्ती होती, की आपल्या जातीमुळे आता जेवणाच्या पत्रावळी उचलायला लावतील. ही आठवण तिनेच पुढे सांगितली आहे. स्वातंत्र्यासाठी भरलेल्या मंडपात एका मुलीच्या मनात ही भीती होती, एवढे एक वाक्य वर्गात सांगितले तर अस्पृश्यतेचा सबंध धडा मुलांना समजेल.

वर्गात काय करता येईल?

पुस्तक बदलणे आपल्या हाती नाही आणि पोर्शनची अडचण खरी आहे. तरी माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी जमण्याजोग्या आहेत.

पहिली, प्रत्येक धड्यानंतर एकच प्रश्न विचारावा: या हकिगतीत तेथे हजर असूनही कोण दिसत नाही? दुसरी, महिन्यातून एक तास मुलांनी घरून आणलेल्या गोष्टींसाठी ठेवावा. निपाणीच्या एखाद्या मुलाची आजी तंबाखूच्या वखारीत राबली असेल, १९८१ चे शेतकरी आंदोलन तिने डोळ्यांनी पाहिले असेल. मात्र ऐकीव गोष्ट आणि कागदाने सिद्ध झालेली गोष्ट यांतील फरकही तेव्हाच शिकवावा. तिसरी, एकाच आवारात मराठी व कन्नड वर्ग असतील तेथे असा एखादा तास एकत्र घ्यावा.

शिकवणीत मी हे करून पाहिले. एक मूल मराठी घरातले, दुसरे कन्नड. एका वहीच्या समोरासमोरच्या पानांवर त्यांना १९२४ आणि १९४६ लिहायला सांगितले आणि आपापल्या आजोबांना विचारून या म्हटले. नंतर वह्या बदलल्या. वाचून झाल्यावर दोघांनीही एकच प्रश्न केला, "मग बरोबर कोण?" मी म्हटले, "आधी दोन्ही पाने पुरी होऊ देत." उत्तर त्यांना फारसे पटले नाही, पण दुसऱ्या दिवशी दोघेही आणखी मजकूर घेऊन आले.

आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग एकाच बांधणीत येतात. शाळेचा इतिहासही तसा असावा, एवढीच माझी मागणी आहे. आणि नंदगडच्या त्या वर्गमैत्रिणीच्या हाती हा अंक पडलाच, तर तिला एवढेच सांगायचे आहे: त्या दिवशी मी हसलो ते चुकले. आजीची ती गोष्ट अजून ऐकायची राहिली आहे.

— बी. कॉम., तृतीय वर्ष