पोट भरल्याचा निरोप

आमच्या बाळापूरकडे ज्वारीच्या भाकरीसंगे चटणी घेतात आणि तिच्यावर तेलाची धार सोडतात. कोरड्या भाकरीपेक्षा असे जेवण पोटाला जास्त वेळ आधार देते. असे का होते?

तेल जठरातून लहान आतड्यात उतरते. तिथे पाचक रस तेल फोडतात. त्यातून स्निग्ध आम्ले निघतात. ती लागताच आतडे रक्तात एक द्रव्य सोडते. हे द्रव्य जठराला म्हणते, 'दमानं घे!' आणि मेंदूला कळवते, 'आता पुरे.' १९७३ साली अमेरिकेत ते उंदरांना टोचून पाहिले. उंदरांनी खाणे लवकर थांबवले!

पण निरोप पोचायला वेळ लागतो. भराभर जेवणारा त्याआधीच आणखी एक भाकर मागून घेतो. म्हणून तेल वाढवू नका. घास सावकाश चावा. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, तेवढ्याच पिठूळ पदार्थात ४.