यकृतातील व्रणांचा सुईविना शोध

पुणे-सोलापूर महामार्गावरील मोडनिंब हे माढा तालुक्यातील बाजाराचे गाव. अशा गावांत कावीळ सर्वांच्या परिचयाची आहे. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत बरी होते. ‘ब’ व ‘क’ प्रकारचे विषाणू मात्र रक्तावाटे, दूषित सुईवाटे किंवा जन्मसमयी मातेकडून बालकास जडतात आणि कित्येकांच्या शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडून राहतात. असा मनुष्य शेतात राबत असतो, त्याचे डोळेही पिवळे नसतात. परंतु आत यकृतावर व्रण साठत जातात. त्याची परिणती यकृतकाठिण्यात किंवा कर्करोगात होऊ शकते.

रक्ततपासणीचे गणित

व्रण किती, हे जाणण्यासाठी पूर्वी सुईने यकृताचा तुकडाच काढावा लागे. त्यात थोडा धोका असे आणि तो तुकडा यकृताचा सुमारे ५०,००० वा भाग असे. आता साध्या रक्ततपासणीवरून अंदाज बांधता येतो. २००६ मध्ये मांडलेल्या ‘फिब-४’ या सूत्रात वयास एसजीओटीच्या आकड्याने गुणतात. प्लेटलेटची हजारांतील संख्या आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने त्यास भागतात. उदाहरणार्थ, वय ५०, एसजीओटी ८०, एसजीपीटी ६४ व प्लेटलेट १,००,००० असल्यास उत्तर ५ येते. उत्तर १.४५ पेक्षा कमी असल्यास गंभीर व्रणांची शक्यता अल्प, ३.२५ पेक्षा अधिक असल्यास ती मोठी समजतात. मधल्या आकड्यांवरून निर्णय होत नाही. तीव्र काविळीतही हे गणित फसते. अशा वेळी फायब्रोस्कॅन उपयोगी पडते. त्यातील कंपनलहर कठीण यकृतातून अधिक वेगाने जाते व त्यावरून काठिण्य मोजले जाते. अंतिम निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

गावाचे कर्तव्य

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ‘ब’ व ‘क’ काविळीची तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. ‘क’ प्रकार बहुतेकांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. ‘ब’ प्रकार औषधांनी आटोक्यात राहतो. पूर्वी रक्त घेतलेल्या व्यक्तींना आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी तपासणीस प्रवृत्त करावे. नवजात बालकास २४ तासांच्या आत ‘ब’ काविळीची लस मिळते की नाही, हेही पाहावे. दुखणे जाणवेपर्यंत थांबल्यास यकृताची हानी बरीच पुढे गेलेली असते.