उतारवयातील सायकल : लाभ आणि धोका

साठी उलटलेल्या माणसाने सायकल चालवावी काय, या प्रश्नाचा निकाल बहुधा घरातील मुलेच लावतात. त्यामागे काळजी असते, हे खरे. परंतु सायकल सोडल्याने काय गमावले जाते, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

लंडन व बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी ५५ ते ७९ वर्षे वयाच्या, वर्षानुवर्षे सायकल चालविणाऱ्या १२५ स्त्री-पुरुषांची तपासणी केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वयाबरोबर होणारी स्नायूंची झीज त्यांच्यात आढळली नाही. रोगप्रतिकारक पेशी घडविणारी, एरवी वयोमानाने आकसत जाणारी थायमस ग्रंथीही तरुणांच्या तोडीने कार्य करीत होती. अर्थात ही मंडळी निवडक होती. धूम्रपान करणारे व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आधीच वगळलेले होते, तेव्हा हे निष्कर्ष सर्वांना सरसकट लागू करणे धाडसाचे होईल. शिवाय सायकलीवर शरीराचा भार सीटवर असतो. गुडघ्यांना ते सोयीचे असले, तरी हाडे बळकट होण्यास त्याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी चालण्याची जोड हवीच.

आता धोक्याची बाजू. नेदरलँड्समध्ये वृद्ध सर्रास सायकल वापरतात आणि सायकल अपघातांत दगावणाऱ्यांत त्यांचाच भरणा मोठा असतो. मात्र गंभीर जखमी होणाऱ्या बहुतेकांच्या अपघातात मोटारीचा संबंध नसतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चढता-उतरता तोल जातो, चाक रस्त्याच्या कडेवरून घसरते आणि तरुण जेथे खरचटून उठतो, तेथे वृद्धाचा खुबा मोडतो.

आपल्याकडील उंच दांडीच्या सायकलीवर मागून पाय टाकून बसावे लागते. त्यात कॅरियरवर ओझे आणि हँडलला पिशवी. साठीनंतर बिनदांडीची, म्हणजे लेडीज सायकल घ्यावी आणि थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्यावी. पुरुषांना तिचा संकोच वाटतो. पण मोडलेल्या खुब्यापेक्षा तो संकोच परवडला. रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येत असेल, रक्त पातळ होण्याचे औषध चालू असेल किंवा मोतीबिंदू वाढला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याविना सायकलीवर बसू नये. चालविताना छातीत दुखल्यास तेथेच उतरावे.

उरलेला धोका रस्त्यात आहे आणि तो ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला आहे. डांबराची कड साइडपट्टीपेक्षा उंच राहिली की खाली उतरलेले चाक पुन्हा वर घेताना हमखास घसरते. मुरूम टाकून दोन्ही समपातळीत आणता येतात. गतिरोधकावर पांढरे पट्टे नसतील, तर अधू नजरेला तो दिसतच नाही. गटारावरील जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने असल्यास त्यांत चाक अडकते. तेच गज आडवे बसविण्यास जादा खर्च येत नाही.