गर्भवतीचा आहार आणि शिक्षक

आपल्या चाळीसगाव तालुक्यात डोहाळेजेवण हौसेने होते. ओटी भरली जाते, आवडीचे पदार्थ रांधले जातात. परंतु पुष्कळ घरांत दुसऱ्या दिवसापासून तीच सून सर्वांच्या शेवटी जेवावयास बसते व तोवर भाजीचे पातेले रिकामे झालेले असते. पोटभर खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल, अशीही वडीलधाऱ्या स्त्रियांची समजूत असते. ही समजूत मायेपोटी असते, हे शिक्षकाने प्रथम ध्यानी घ्यावे. म्हणजे तिची थट्टा करण्याचा मोह होणार नाही. तथापि ती चुकीची आहे. अपुऱ्या आहाराने मूल कमी वजनाचे निपजण्याचा धोका वाढतो, आणि अंगी रक्त कमी असलेल्या मातेस बाळंतपणातील रक्तस्राव सोसत नाही.

ह्यासंबंधी मुंबईत झालेले संशोधन शिक्षकांनी जाणून घ्यावे. १९२८ साली लूसी विल्स ह्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आल्या. तेथील गरीब गर्भवती स्त्रियांत, विशेषतः गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांत, एक तीव्र पांडुरोग आढळत असे. त्याचे मूळ जंतूंत नसून आहारात आहे, ह्या निष्कर्षाप्रत विल्सबाई आल्या. यीस्टचा अर्क देताच रुग्ण स्त्रिया सुधारू लागल्या. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्या अर्कात जे गुणकारी द्रव्य होते ते १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. तेच फॉलिक आम्ल होय. लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणजे पान, त्यावरून हे नाव पडले.

ती पाने आपल्या शिवारातही उगवतात. मेथी, पालक, तांदुळजा ह्यांपैकी एक भाजी तिच्या ताटात रोज असावी. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, नंतर नव्हे. आणि शिजविलेले पाणी ओतून देऊ नये. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी आणि तुरीच्या डाळीचे फुणके हे तर खानदेशचे स्वतःचे पौष्टिक अन्न आहे. त्यासाठी बाजारातील महागडी भुकटी आणण्याचे कारण नाही. चौथ्या महिन्यापासून नेहमीच्या जेवणाखेरीज सुमारे एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण व पेलाभर दूध एवढे अधिक अन्न दिवसाकाठी मिळावे. भाजीवर लिंबू पिळल्यास तीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नये. त्याने ते लोह वाया जाते.

आहार उत्तम असला तरी गोळ्या टाळून चालत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींत रक्तक्षय आढळला. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस व बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी घ्यावयाची असते. तिने शौचास काळे होते, म्हणून घाबरून अनेकजणी गोळ्या सोडतात. हे काळेपण निरुपद्रवी आहे, एवढे एक वाक्य वेळेवर कानी पडले तरी पुष्कळ काम होते. मळमळत असल्यास गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, वेगळ्या वेळी घ्यावी.

आता शाळेत काय करावयाचे? सहावी-सातवीच्या वर्गात आहाराचा पाठ घेताना घरात कोण केव्हा जेवते ह्यावर मुलांना बोलते करावे. मुलगे ह्यात अवश्य असावेत. कोणाची आई वा वहिनी गर्भवती आहे, हे वर्गात विचारणे मात्र सर्वथा अनुचित होय. पालकसभेस मातांबरोबर आज्यांनाही आग्रहाने बोलवावे, कारण चुलीवरील निर्णय बहुधा त्यांचाच असतो.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची माहिती मुलांच्या हजेरीमुळे शिक्षकास इतरांच्या आधी कळते. त्यांत कोणी गर्भवती असल्यास, तिच्या संमतीने, गाडी हलण्यापूर्वीच आशाताई अथवा आरोग्यसेविकेस कळवावे. म्हणजे पुरेशा गोळ्या व माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याबरोबर जाईल, आणि कारखान्याच्या गावी दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय रुग्णालयात होणाऱ्या मोफत तपासणीस ते कार्ड दाखविता येईल.