न्यूजलेटरचा खर्च : पैसे हजारांत, तास शेकड्यांत

छापील नियतकालिक काढणाऱ्याला कागदाचं बिल, छापखान्याचं बिल आणि पोस्टाची तिकिटं यांची वेसण असायची. वर्गणी जमली नाही की अंक लांबायचा, दोन महिन्यांचा जोडअंक निघायचा, आणि वर्गणीदार कुरकुरत का होईना, समजून घ्यायचे. ई-मेलने पाठवायच्या न्यूजलेटरला ही वेसणच नाही. काढायला जवळजवळ फुकट, मग दर आठवड्याला काढायला काय हरकत आहे, असं वाटतं. पुढे विषय आटतात, रविवार जातात, आणि बरं चाललेलं पत्र एक दिवस कुणाला न सांगता बंद पडतं. म्हणून इथे रुपयांचा हिशेब मांडला आहे आणि तासांचाही. तासांचा जास्त काळजीने वाचा.

हिशेबासाठी असं धरू की नोकरी सांभाळून कुणी मराठीत एक पत्र काढतंय. विषय काहीही असो : बँकेचे व्यवहार, गडकिल्ले, मुलांची पुस्तकं, द्राक्षबाग. पल्ला एक हजार वाचकांचा. डॉलर ९० रुपये धरला आहे; तुमच्या दिवशीचा भाव घालून आकडे सुधारून घ्या.

आधी तास

बाराशे शब्दांच्या एका पत्राला वाचन आणि माहिती पडताळणं तीन तास, लिखाण चार, मुद्रितशोधन एक, मजकूर चढवून स्वतःला चाचणी मेल पाठवणं अर्धा, वाचकांच्या उत्तरांना उत्तरं आणि इकडेतिकडे दुवा टाकणं दीड. झाले दहा तास. सराईत माणूस सातात करेल, पण पहिल्या वर्षी दहाच धरा. साप्ताहिक काढलं तर वर्षाचे ५२० तास होतात. पाक्षिक, तेही वर्षाला २४ अंक, तर २४०. तुमच्या तासाला फक्त ३०० रुपये मोल लावलं, तरी साप्ताहिकाचा खर्च १ लाख ५६ हजार आणि पाक्षिकाचा ७२ हजार रुपये. यापुढे येणारे सगळे रुपयांचे आकडे या रकमेशेजारी ठेवून बघा, म्हणजे कुठे कंजुषी करायची आणि कुठे नाही ते आपोआप कळेल.

माझं मत स्पष्ट आहे : नोकरी करणाऱ्याने साप्ताहिकाच्या वाटेला जाऊ नये. पाक्षिक काढावं आणि तेही हंगामाने. दहा अंक, मग महिनाभर सुट्टी, आणि ती सुट्टी पहिल्याच अंकात जाहीर केलेली. वार्षिक दिवाळी अंकाची वाट बघणारा आपला वाचक आहे. महिनाभर पत्र आलं नाही म्हणून तो नाव कमी करत नाही. न सांगता गायब झालात तर मात्र विसरतो. दिवाळी अंकांसाठी लिहिणाऱ्यांनी तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हंगाम ठेवूच नये. आणि पहिलं पत्र पाठवण्याआधी तीन पत्रं लिहून हाताशी असू द्या. घरात आजारपण आलं, ऑफिसचं मार्च अखेर आलं, की हा साठा कामाला येतो.

मग रुपये

पाठवणारी सेवा हा पहिला प्रश्न. आपल्या जीमेलवरून सगळ्यांना बीसीसीत घालून पाठवायचा मोह टाळा. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जाते, त्यात नाव कमी करण्याची सोय नसते, आणि एखाद्या दिवशी चुकून सगळे पत्ते ‘टू’मध्ये पडले की संपलंच.

सबस्टॅक ही २०१७ साली सुरू झालेली सेवा मोफत पत्रासाठी एक पैसा घेत नाही, वाचक कितीही असोत. बीहाइवच्या मोफत योजनेत २,५०० वाचकांपर्यंत पाठवता येतं. पूर्वी कन्व्हर्टकिट म्हणून ओळखली जाणारी किट १०,००० वाचकांपर्यंत मोफत आहे, पण त्या योजनेत काही सोयी कापलेल्या असतात. बटनडाउन साधीसुधी, शंभर वाचकांपर्यंत मोफत. घोस्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे; स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, पण सर्व्हर सांभाळण्यात जाणारे तास मोजले तर तांत्रिक कामाची हौस असलेल्यानेच तिकडे वळावं. मेलचिंपचं नाव सगळ्यांना माहीत असतं, मात्र तिच्या मोफत योजनेत पूर्वी २,००० पत्ते बसत, पुढे ते ५०० वर आणले. यातून एवढंच घ्या की मोफतची मर्यादा कंपनीच्या मर्जीवर असते. सेवा निवडताना आजचा शून्य बघू नका, पाच हजार वाचकांना काय आकारतील तो आकडा बघा, आणि वाचकांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेता येते ना, ते तपासा.

स्वतःचं डोमेन घ्यावं का? घ्यावं, पण दुसऱ्या हंगामात. ‘डॉट इन’ नूतनीकरणाला साधारण ६०० ते १,००० रुपये, ‘डॉट कॉम’ हजार ते दीड हजार, वर १८ टक्के जीएसटी. पहिल्या वर्षाचा ९९ रुपयांचा भाव ही जाहिरात आहे. दुसऱ्या वर्षाचा दर बघूनच घ्या. देवनागरीत ‘डॉट भारत’ही २०१४ पासून मिळतं. दिसतं छान, पण फोनवर पत्ता सांगताना आणि अनेक अर्जांत भरताना अडतं, म्हणून ते जोडीला ठेवावं. सबस्टॅकला स्वतःचं डोमेन जोडायचं तर एकदाच ५० डॉलर, म्हणजे साडेचार हजार रुपये. परदेशी चलनातल्या खर्चावर बरीच कार्डं साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लावतात, तोही धरा. एवढ्या पैशात एखाद्या चांगल्या मुद्रितशोधकाकडून काही अंक तपासून होतील. मी तरी आधी मुद्रितशोधक धरेन, कारण तिथे तुमचे तास वाचतात.

चित्रांवर खर्च करायची गरज नाही. अक्षरांवरही नाही. ‘एक टाइप’ या अक्षरसंस्थेची ‘मुक्त’ आणि ‘बलू’ ही देवनागरी अक्षरं मोफत आहेत, शीर्षचित्रासाठी वापरा. मेलमधला मजकूर तसाही वाचकाच्या उपकरणातल्या अक्षरांतच दिसतो, अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला, ॲपलवर कोहिनूर. त्यामुळे मजकूर युनिकोडमध्ये हवाच. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीतला जुना लेख आणलात तर बदलून घ्या, नाहीतर वाचकाला नुसती चिन्हं दिसतील.

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट जपावी. मेलचा मजकूर १०२ किलोबाइटच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापतं आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा ठेवतं. साधं रोमन अक्षर १ बाइट घेतं; देवनागरीतला वर्ण, काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी ३. जोडाक्षरं आली की बाइट भराभर वाढतात. त्यावर सजावटीचा साचा चढला की लांब पत्र शेवटाआधीच तुटतं आणि तळाशी असलेला नाव कमी करण्याचा दुवाही दडतो. तेव्हा साचा साधा ठेवा. दोन हजार शब्दांपुढे जाणारं पत्र दोन भागांत करा. तेवढाच पुढच्या अंकाचा भारही हलका होतो.

वाचक कसे वाढवावेत, आणि कशाने दमू नये

दमवतं ते लिखाण नव्हे. दमवते त्यानंतरची धावपळ : रील, पाच ठिकाणी पोस्ट, रोज आकडा बघणं. मोफत दिसणारा प्रत्येक मंच आठवड्याचे दोन-तीन तास खातो, म्हणून एकच निवडा.

कमी कष्टात टिकाऊ वाचक देणाऱ्या जागा जुन्याच आहेत. वर्तमानपत्रात किंवा दिवाळी अंकात लेख आला तर लेखकपरिचयात पत्राचा पत्ता द्या. वाचनालयात व्याख्यान असेल, पुस्तक प्रदर्शन असेल, तर तिथे क्यूआर कोडची छापील पट्टी ठेवा. शंभर पट्ट्यांची झेरॉक्स दोन-तीनशे रुपयांत होते. आपल्यासारखंच पत्र काढणाऱ्या दोघा-तिघांशी परस्पर शिफारस ठरवा. सबस्टॅकवर ही सोय २०२२ पासून आहे आणि एकदा लावली की पुन्हा हात लावावा लागत नाही.

व्हॉट्सॲपचं काय, हा प्रश्न मराठीत टाळता येत नाही. सप्टेंबर २०२३ पासून आलेलं चॅनेल फुकट आहे, पण तिथल्या वाचकांचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत, म्हणजे यादी तुमची नव्हे. चॅनेलचा उपयोग पत्राचा दुवा टाकण्यापुरता करा. कंपन्या वापरतात तशी व्यावसायिक संदेशसेवा घ्याल तर प्रचाराच्या एका संदेशाला साधारण बारा आणे ते रुपया पडतो. हजार वाचक आणि २४ अंक म्हणजे वर्षाला १८ ते २४ हजार रुपये, करांशिवाय. एकट्या लेखकाला ते परवडत नाही.

जाहिरात द्यायचीच असेल तर दोन हजार रुपयांची एकदाच द्या. किती जण आले यापेक्षा त्यातले किती जण चौथं पत्र उघडून उत्तर देतात किंवा दुव्यावर जातात ते बघा. नुसत्या ‘उघडलं’ या टक्केवारीवर विसंबू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे न वाचलेली पत्रंही उघडल्यासारखी नोंदली जातात. नवा वाचक आला-गेल्याच्या सूचना बंद करा आणि आकडे महिन्यातून एकदा बघा. मनःशांती एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही.

विकत मिळणाऱ्या पत्त्यांच्या यादीला हात लावू नका, मग ती पाचशे रुपयांत वीस हजार पत्ते देत असली तरी. रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांसाठी जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले : एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या ओळखखुणा हव्यात, एका टिचकीत नाव कमी करता आलं पाहिजे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत हव्यात. हजारात तीन! विकतच्या यादीत तेवढे वैतागलेले लोक पहिल्या दिवशी सापडतात, आणि मग तुमच्या खऱ्या वाचकांचीही पत्रं स्पॅममध्ये जाऊ लागतात. त्याखेरीज २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. नावनोंदणीच्या जागी कशासाठी पत्ता घेत आहात ते मराठीत एका वाक्यात लिहायची सवय आत्ताच लावा.

पैसे मिळतील का?

इथे एक खड्डा आहे. सबस्टॅक, बीहाइव, घोस्ट यांची सशुल्क वर्गणी स्ट्राइप या पैसे स्वीकारणाऱ्या सेवेवर चालते, आणि स्ट्राइप भारतात २०२४ पासून नवी खाती फक्त निमंत्रणाने देते. त्यामुळे न्यू जर्सीतला मराठी लेखक वर्गणी घेऊ शकतो आणि नाशिकचा अडतो. ज्यांना स्ट्राइप मिळतं त्यांनीही कपात बघावी. सबस्टॅक १० टक्के घेतं, स्ट्राइप २.९ टक्के अधिक ३० सेंट, शिवाय नियमित वर्गणीवर ०.७ टक्का. महिना ५ डॉलरमधून ९८ सेंट जातात, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. वार्षिक ५० डॉलर घेतले तर ७ डॉलर १० सेंट, सुमारे १४ टक्के. वार्षिक वर्गणीच घ्यावी.

भारतात राहणाऱ्याने रेझरपेसारख्या सेवेचं पैसे भरण्याचं पान करावं. देशी व्यवहारावर साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०० रुपयांच्या वार्षिक वर्गणीतून ११ रुपये ८० पैसे. मासिक आपोआप वसुलीच्या भानगडीत पडू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनंतर प्रत्येक कार्डाची वेगळी मंजुरी, आधी सूचना आणि फसलेले हप्ते, यांचा पाठपुरावा करण्यातच संध्याकाळ जाते. मोफत वाचकांपैकी ५ ते १० टक्के पैसे देतात असा सबस्टॅकचा अंदाज आहे. मराठीत मी दोनच टक्के धरेन. हजार वाचकांत वीस वर्गणीदार, १० हजार रुपये, हातात ९,७६४. डोमेन, मुद्रितशोधन आणि झेरॉक्स यातून निघतात. तुमचे २४० तास यातून निघत नाहीत, निदान पहिली काही वर्षं. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांची आहे, तेव्हा त्याची चिंता तूर्त सोडा. आयकर विवरणात मात्र ही रक्कम दाखवा.

आणि वर्गणी घेतलीत की सुट्टी घेणं अवघड होतं, हेही किमतीत धरा. पैसे घेताना ‘वर्षात २० अंक’ असं लिहून द्या, ‘दर पंधरवड्याला’ असं लिहू नका. चार अंकांची ती मोकळीक तुमच्या हाताशी राहील.

अजून सुरुवात केली नसेल, तर आज कुठेही खातं उघडू नका. तीन पत्रं लिहा, दहा ओळखीच्या माणसांना साध्या मेलने पाठवा, आणि त्यातल्या चौघांनी चौथं मागितलं तर पुढे जा.